लॅपटॉप, यूएसबी ध्वनिवर्धक आणि आपले कान

आज गावोगावच्या शाळांत, वाचनालयांत आणि पंचायतींच्या कचेऱ्यांत लॅपटॉप येऊन पोहोचला आहे. शिक्षक त्यावर उच्चाराचे पाठ ऐकवितात, कारकून ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्त लिहितात, आणि फावल्या वेळी कोणी जुने नाट्यसंगीत वा भजन ऐकतो. परंतु हेडफोन लावून ऐकू लागताच काही तक्रारी हटकून पुढे येतात. आवाज पुरेसा मोठा होत नाही. शांत जागी बारीक खरखर ऐकू येते. माऊस हलविला की कानात किरकिर होते. यावर उपाय म्हणून काडेपेटीएवढे, किंबहुना त्याहूनही लहान असे एक उपकरण बाजारात मिळते. त्याचे एक टोक लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत बसवावयाचे आणि दुसऱ्या टोकास हेडफोन जोडावयाचा, एवढीच त्याची जोडणी. व्यवहारात त्यास ‘यूएसबी डॅक’ किंवा ‘हेडफोन ॲम्प्लिफायर’ म्हणतात.

हे उपकरण नेमके कोणते काम करते, ते कोणी घ्यावे व कोणी घेऊ नये, आणि ते वापरताना कानांस इजा होऊ नये म्हणून कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

आकड्यांतून आवाज कसा निर्माण होतो?

आवाज म्हणजे हवेतील कंपने. लॅपटॉपमध्ये मात्र आवाज साठविलेला असतो तो आकड्यांच्या रूपात. विहिरीतील पाण्याची पातळी ठराविक वेळाने मोजून वहीत लिहून ठेवली, तर त्या आकड्यांवरून पातळी कशी चढली व कशी उतरली याची रेषा पुन्हा काढता येते. ध्वनिलहरीचेही तसेच आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीमध्ये दर सेकंदास ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजून नोंदविलेली असते, आणि प्रत्येक नोंद १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक असते. निरोगी तरुण माणसास दर सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने असलेला आवाज ऐकू येतो. सर्वांत उंच स्वराच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप केले, तर मूळ लहर पुन्हा उभी करता येते, असे गणित सांगते. सीडीचा आकडा त्यावरूनच आला. आवाज अशा रीतीने आकड्यांत बांधण्याची पद्धत ॲलेक रीव्ह्‌ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ साली टेलिफोनसाठी सुचविली होती.

आकडे कानाला ऐकू येत नाहीत. म्हणून त्यांचे पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करावे लागते. हे काम करणारा भाग तो रूपांतरक. त्यातून निघणारी लहर क्षीण असते. हेडफोनचा पडदा हलविण्याइतके बळ तीस देणारा भाग तो ध्वनिवर्धक, म्हणजेच ॲम्प्लिफायर. आपल्या छोट्या उपकरणात हे दोन्ही भाग एकत्र असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या लॅपटॉपमधून आवाज येतो, त्यात हे दोन्ही भाग मुळातच असतात. बाहेरचे उपकरण काही नवे काम करीत नाही. आत चालणारे काम ते बाहेर करते. त्यात लाभ एवढाच की, लॅपटॉपच्या पेटीत प्रोसेसर, पंखा व वायरलेस यंत्रणा दाटीवाटीने बसविलेली असते आणि त्यांच्या विजेची गडबड कधी कधी ध्वनीच्या तारेत उतरते. माऊस हलविताच होणारी किरकिर ती हीच. काम पेटीबाहेर नेले की बहुतेक वेळा ही गडबड कमी होते. उपकरणास लागणारी वीज यूएसबी खाचेतूनच मिळते. सामान्य यूएसबी २.० खाच ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे अडीच वॉटपर्यंत वीज देऊ शकते आणि हेडफोनला ती पुरेशी होते.

खरेदीपूर्वीची परीक्षा

उपकरण विकत घेण्यापूर्वी दोष कोठे आहे ते शोधावे. त्यासाठी पैसा लागत नाही, थोडा वेळ लागतो.

प्रथम हेडफोन लॅपटॉपच्या नेहमीच्या छिद्रात जोडावा आणि काहीही न वाजविता शांत खोलीत ऐकावे. खरखर किंवा गुणगुण ऐकू आली, तर दोष लॅपटॉपच्या ध्वनिमार्गात किंवा चार्जरमध्ये असण्याचा संभव अधिक. चार्जर काढून पुन्हा ऐकावे. गुणगुण थांबली, तर ऐकतेवेळी चार्जर काढून ठेवणे हाच बिनखर्ची उपाय होय. चार्जर काढूनही खरखर राहिली, तर बाहेरच्या उपकरणाचा उपयोग होण्याजोगा आहे.

याउलट, खरखर केवळ ध्वनिमुद्रण वाजत असतानाच येत असेल, तर ती बहुधा मुद्रणातच आहे. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांचे गायन १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात धाडलेल्या तबकडीवर समाविष्ट आहे. त्यांच्या काळातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरविलेले गाणे आपण लॅपटॉपवर ऐकतो, तेव्हा तबकडीची चरचरही त्यासोबत येते. उत्तम उपकरण ती चरचर घालवीत नाही, उलट अधिक स्पष्ट ऐकविते. ग्रामसभेचे मुद्रण करताना मायक्रोफोन वक्त्यापासून दूर ठेवला असेल, तर त्याचाही इलाज या उपकरणापाशी नाही. तेथे पुढच्या सभेत मायक्रोफोन जवळ ठेवणे हाच खरा उपाय.

आवाज लहान येतो, ही तक्रार असल्यास थोडे गणित करावे. हेडफोनवर त्याचा विद्युतरोध ओहममध्ये छापलेला असतो. लॅपटॉप १ व्होल्ट दाब देतो असे धरू. शक्ती काढण्यासाठी दाबाचा वर्ग करून त्यास रोधाने भागावे. ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला १ भागिले ३२, म्हणजे सुमारे ३१ मिलिवॉट शक्ती मिळते. ३०० ओहमच्या हेडफोनला त्याच दाबाने जेमतेम ३.३ मिलिवॉट मिळते. आता, पुष्कळशा हेडफोनांतून केवळ १ मिलिवॉट शक्तीने ९५ ते १०५ डेसिबलच्या आसपास आवाज निघतो. तेव्हा ३२ ओहमच्या हेडफोनला लॅपटॉपची शक्तीच गरजेहून अधिक आहे. अधिक रोधाचा हेडफोन ज्यांच्यापाशी आहे, त्यांसच निराळा ध्वनिवर्धक खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

पुढील तीन प्रसंगी मात्र हे उपकरण घेणे व्यर्थ होय :

एक, बिनतारी म्हणजे ब्लूटूथ हेडफोन वापरीत असल्यास. त्याच्या पोटात स्वतःचा रूपांतरक व ध्वनिवर्धक असतो.

दोन, हेडफोनची तार थेट यूएसबी खाचेत जात असल्यास. त्यातही दोन्ही भाग असतात.

तीन, एका छिद्रातून फाटे काढून वर्गातील अनेक मुलांना एकाच वेळी ऐकवावयाचे असल्यास. ३२ ओहमचे पाच हेडफोन समांतर जोडले की एकूण रोध ६.४ ओहमवर येतो. एवढा भार लहान उपकरणास झेपत नाही. आवाज फाटतो, आणि प्रत्येक मुलाच्या कानी किती आवाज पडतो यावर शिक्षकाचा ताबा राहत नाही. वर्गासाठी एक बरासा लाउडस्पीकर कधीही श्रेयस्कर.

कार्यालयासाठी खरेदीचा प्रस्ताव करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही ही परीक्षा प्रथम करवून घ्यावी. दहा लॅपटॉपांपैकी दोघांतच खरखर असेल, तर दोनच उपकरणे पुरेत. तसेच, टाइप-सी खाचेसाठी मिळणाऱ्या काही स्वस्त जोडतारांत रूपांतरक नसतोच. अशी तार लॅपटॉपला लावली तर आवाज येत नाही. ‘डॅक’ असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहूनच वस्तू घ्यावी.

जोडणीचा क्रम

१. हेडफोन कानांवर नसावा. तो टेबलावर ठेवावा. लॅपटॉपवरील आवाज अगदी कमी करावा. उपकरणास फिरकी असल्यास तीही शून्यावर आणावी.

२. उपकरण यूएसबी खाचेत बसवावे व नंतर हेडफोन जोडावा. बहुतेक उपकरणे लॅपटॉप आपोआप ओळखतो. २०१७ पूर्वीची विंडोज असलेल्या जुन्या लॅपटॉपवर मात्र काही उपकरणांसाठी उत्पादकाचा ड्रायव्हर बसवावा लागतो.

३. पडद्याच्या खालच्या पट्टीवर लाउडस्पीकरचे चिन्ह असते. ते दाबून ध्वनी कोठून निघावा याच्या यादीत नव्या उपकरणाचे नाव निवडावे. आवाज अद्याप लॅपटॉपमधूनच येत असेल, तर ही निवड राहून गेली असे समजावे.

४. निवड होताच आवाजाची पातळी पुन्हा पाहावी. लॅपटॉप प्रत्येक उपकरणाची पातळी निरनिराळी लक्षात ठेवतो. पूर्वी कमी केलेली पातळी नव्या उपकरणास लागू होईलच असे नाही. कधी ती एकदम शंभरावर असते. हेडफोन टेबलावर ठेवावयाचा तो याचसाठी.

५. ओळखीचे बोलणे किंवा गाणे सुरू करावे, हेडफोन कानांवर घ्यावा आणि आवाज हळूहळू वाढवावा. बोलणे सहज कळू लागले की थांबावे.

६. काम संपल्यावर प्रथम वाजविणे थांबवावे, हेडफोन उतरवावा आणि मग उपकरण काढावे. तार ओढू नये, टोक धरून काढावे.

बिट व मोजमापांची संख्या वाढविण्याच्या सोयी उपकरणासोबत दिलेल्या असतात. मूळ मुद्रण ज्या प्रतीचे आहे, त्याहून वरचा आकडा निवडून त्यात नवे काही येत नाही. बोलण्यासाठी व नेहमीच्या संगीतासाठी मूळची योजना पुरेशी आहे.

कानांची मर्यादा

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग. कानाच्या आत, शंखाकृती पोकळीत, अतिसूक्ष्म रोमपेशी असतात. प्रत्येक कानात त्या सुमारे पंधरा हजार असतात. मोठ्या आवाजाने त्या झिजतात, आणि मनुष्याच्या शरीरात त्या नष्ट झाल्यावर पुन्हा उगवत नाहीत. शेतातील पीक बुडाले तर पुढील हंगामात पुन्हा पेरता येते. येथे दुसरा हंगाम नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा अशी आहे : प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानात जाणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावयाचा. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ९० ला सुमारे ४ तास, आणि १०० डेसिबलला तर आठवडाभरात मिळून केवळ २० मिनिटे. संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या श्रवणविषयक अहवालानुसार, १२ ते ३५ वर्षे वयाच्या शंभर कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती अशा ऐकण्यामुळे धोक्यात आहे.

‘आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये’ हा नियम पुष्कळांना ठाऊक असतो, आणि तो चांगला आहे. परंतु बाहेरचा ध्वनिवर्धक जोडताच त्याचा अर्थ बदलतो. साठ टक्के कशाचे, हा प्रश्न आहे. नवे उपकरण दुप्पट दाब देत असेल, तर त्याच खुणेवर शक्ती चौपट होते आणि आवाज ६ डेसिबलने चढतो. वरील हिशेबाने ऐकण्याचा वेळ चतुर्थांशावर येतो, आणि ऐकणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो. भरीस भर म्हणजे, फाटलेला आवाज कानास बोचतो म्हणून आपण तो आपणहून कमी करतो. स्वच्छ आवाज बोचत नाही, तो गोडच वाटतो. म्हणून चांगले उपकरण वापरणाऱ्याने अधिक सावध राहावयास हवे.

पावसाचा किंवा पंख्याचा आवाज बुडविण्यासाठी हेडफोनचा आवाज वाढवू नये. खिडकी लावावी, पंखा मंद करावा किंवा कान पूर्ण झाकणारा हेडफोन वापरावा. शिक्षकांनी मुलाच्या कानी हेडफोन देण्यापूर्वी तो स्वतःच्या कानास लावून पाहावा. तासाभराच्या ऐकण्यानंतर दहा मिनिटे विश्रांती द्यावी. ऐकून झाल्यावर कानात शीळ घातल्यासारखा आवाज होत असेल, तर मर्यादा ओलांडली असे समजावे. तो आवाज टिकून राहिला, किंवा एखादे मूल हाकेस वारंवार ओ देत नसेल, तर आवाज वाढविण्याच्या भरीस न पडता कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी करवून घ्यावी.

तात्पर्य, हे छोटे उपकरण स्वच्छतेसाठी आहे, मोठेपणासाठी नाही. पूर्वी खरखरीतून शब्द वेचण्यासाठी जो आवाज वाढवावा लागत होता, तो खरखर गेल्यावर कमी करता आला पाहिजे. उपकरण जोडल्यावर आपण पूर्वीपेक्षा हळू आवाजात ऐकू लागलो, तर ते सार्थकी लागले असे म्हणता येईल.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेतील वा कचेरीतील लॅपटॉपवर काहीही न वाजविता हेडफोन लावून ऐका आणि चार्जरसह व चार्जरविना आढळलेला फरक लिहा.

२. उपकरण २ व्होल्ट दाब देत असल्यास ३०० ओहमच्या हेडफोनला किती मिलिवॉट शक्ती मिळेल ते काढा.

३. ८९ डेसिबल आवाज प्रौढ व्यक्तीने आठवड्यास किती तास ऐकावा, याचा हिशेब करा.

४. ब्लूटूथ हेडफोन वापरणाऱ्यास या उपकरणाचा उपयोग का होत नाही, ते आपल्या शब्दांत शेजाऱ्यास समजावून सांगा.