वैमानिकाचा पहिला पाठ : यंत्र आणि नियम

शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांना विमानविद्या परकी वाटण्याचे कारण नाही. दौंडला लागून असलेल्या बारामती तालुक्यातील धावपट्टीवर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. या विद्येचा पाया दोन विषयांवर उभा आहे : यंत्र आणि नियम.

प्रशिक्षणात वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ विमानाच्या प्रचलित पेट्रोल इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकात दोन स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगी पुरविणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. मॅग्नेटो इंजिनाच्याच गतीवर वीज निर्माण करतो. म्हणून बॅटरी निकामी झाली तरी इंजिन चालू राहते. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. त्या वेळी इंजिनाचे फेरे किंचित उतरले पाहिजेत. मुळीच उतरले नाहीत, तर तो मॅग्नेटो खरोखर बंद झाला नसल्याची शंका घ्यावी. अशा विमानाचा पंखा जमिनीवर हाताने फिरविला, तरी इंजिन अचानक सुरू होऊ शकते. वरवर सारे ठीक दिसले तरी कारण तपासावे, हा येथील धडा.

नियमही स्पष्ट आहेत. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. विद्यार्थी वैमानिक परवान्यासाठी वय १६ वर्षे व दहावी उत्तीर्ण, तर व्यावसायिक परवान्यासाठी वय १८ वर्षे व २०० तासांचे उड्डाण लागते. बारावीला भौतिकशास्त्र व गणित ही अटही अनेक वर्षे चालत आली आहे.

या अटींत जात वा घराणे कोठेही नाही. खर्च मात्र मोठा आहे, हे नाकारता येत नाही. शिष्यवृत्तीची वाट शोधता येते. परंतु दहावीनंतर भीतीपोटी गणित सोडले, तर हे दार आपल्याच हातांनी बंद होते. पालकांनी तेवढे होऊ देऊ नये.