हृदयाची नळी उघडणारा हात कसा तयार होतो?

आपल्या नवापूर-नंदुरबार भागात एक वाक्य आता वरचेवर ऐकू येते : "सुरतेला नेले, स्प्रिंग टाकली, तिसऱ्या दिवशी घरी आणले." स्प्रिंग म्हणजे स्टेंट. ती टाकणारा डॉक्टर हे काम कोठे आणि कसे शिकतो, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज आपण ते समजून घेऊ. छातीत दुखू लागल्यावर घरच्या माणसांनी काय करावे, याचे उत्तरही त्यातच आहे.

हृदय हा पंप आहे. पण या पंपालाही स्वतःसाठी रक्त लागते, आणि ते त्याच्या अंगावरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते. त्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. आतून चरबीचा थर साचत जातो. तो एखाद्या दिवशी फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. ठिबकची नळी चोंदली की पुढची झाडे सुकतात, तसेच हृदयाच्या त्या भागाचे होते. फरक एवढाच, की झाड दोन दिवस तग धरते; हृदयाचा स्नायू काही तासांतच मरतो आणि पुन्हा उगवत नाही.

ही वाट छाती न फाडता उघडता येईल असे पूर्वी कोणाला वाटत नव्हते. १९२९ साली जर्मनीत वर्नर फॉर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातील शिरेतून एक नळी हृदयापर्यंत सरकवली, आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. तेव्हा त्याची बोलणीच झाली; १९५६ साली मात्र त्यास नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरने आपल्या स्वयंपाकघरातील टेबलावर खटपट करून नळीच्या टोकावर लहानसा फुगा बसवला, आणि सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिच येथे ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाची वाहिनी त्या फुग्याने उघडली. हीच पहिली अँजिओप्लास्टी.

आमच्या मते ग्रुंट्झिगचे खरे मोठेपण यानंतरचे आहे. त्याने ही विद्या मुठीत धरली नाही. पुढच्याच वर्षापासून तो इतर डॉक्टरांना बोलावून, दूरदर्शनच्या पडद्यावर आपली शस्त्रक्रिया चालू असतानाच दाखवू लागला. काही बिघडले तर तेही सर्वांसमोरच! पुढे तो अमेरिकेत अटलांटा येथे गेला. तेथे त्याच्या हाताखाली शिकलेले केरळचे डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कळरिक्कल यांनी १९८६ साली भारतातील पहिली अँजिओप्लास्टी केली आणि नंतर देशभरच्या डॉक्टरांना ती शिकवली. २०२५ साली ते वारले. एका हातातून दुसऱ्या हातात असे हे ज्ञान आले आहे.

आणि ते हातानेच यावे लागते. नांगराची मूठ किती दाबावी, हे बापाने पुस्तकात लिहून दिले तरी पोराला कळायचे नाही; बापाच्या हातावर हात ठेवून दहा तास घालावे तेव्हा कळते. येथेही तसेच. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, एम.डी.ची तीन, त्यानंतर हृदयरोगाच्या डी.एम.ची आणखी तीन. या शेवटच्या वर्षांत तो तरुण डॉक्टर शिशाचा जड अंगरखा घालून कॅथलॅबमध्ये उभा राहतो. आधी नुसते पाहतो, मग मोठ्या डॉक्टरांचा मदतनीस होतो. मनगटाच्या नाडीत सुई घालणे, मग अँजिओग्राफी म्हणजे रंग सोडून चित्र काढणे, आणि त्यात हात बसल्यावर वडीलधाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली फुगा व स्टेंट. तार मिलिमीटरच्या निम्म्याहूनही बारीक असते. ती पुढे सरकते आहे की भिंतीत रुतते आहे, हे पडद्यावर दिसण्याआधी बोटांना जाणवले पाहिजे. फुगा ट्रॅक्टरच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाबाने फुगवावा लागतो. कमी पडला तर स्टेंट भिंतीला नीट चिकटत नाही, जास्त झाला तर वाहिनी फाटू शकते.

हल्ली संगणकाच्या बनावट रुग्णावरही सराव करता येतो. वापीला मेरिल या कंपनीची डॉक्टरांसाठी प्रशिक्षण अकादमी आहे. कंपनी आपला माल वापरायला शिकवणार, हे उघड आहे. वाईट नाही, पण रुग्णावर उपचार कोणता करावा, किंवा करूच नये, हा विवेक रुग्णालयातील गुरूंकडूनच यायचा.

सुरतेचे नाव या विद्येत आणखी एका कारणाने आले आहे. हिरे कापण्याच्या लेसर यंत्रांचा धंदा असलेल्या सहजानंद समूहाने तेथे स्टेंट बनवायला घेतले. त्यांच्या सुप्राफ्लेक्स स्टेंटची जाळी ६० मायक्रॉन जाडीची, म्हणजे साधारण माणसाच्या केसाएवढी. युरोपातील १,४३५ रुग्णांवर तिची नामांकित परदेशी स्टेंटशी तुलना झाली आणि ती कमी ठरली नाही. हा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, त्याआधी ती लाखाच्या घरात जाई. म्हणजे वस्तू जवळ आली, स्वस्तही झाली. परंतु शिकलेला हात आणि कॅथलॅब अजून शहरातच आहे, आणि नवापूरहून सोनगड, व्यारा, बारडोली करीत सुरत गाठायला दोन तास तरी लागतातच.

म्हणून हे नीट ध्यानात घ्या. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटणे, दुखणे डाव्या हातात वा जबड्यात जाणे, दरदरून घाम, यांस गॅस समजून सोडा पीत बसू नका. बायकांना आणि मधुमेही माणसांना कधी कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो. अशा वेळी थेट सुरतेची गाडी शोधण्याआधी जवळच्या ज्या दवाखान्यात ई.सी.जी. निघतो तेथे जा. १०८ ला फोन करा. झटका आहे असे दिसले आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन तेथेच देता येते. ते जितके लवकर तितके चांगले. बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग नाही. काहींना रक्तस्रावाच्या भीतीने ते देता येत नाही, हे डॉक्टर ठरवतील. इंजेक्शन घेतल्यावर मग सुरतेला निघावे, साधारणतः पुढच्या चोवीस तासांत अँजिओग्राफी होते. ई.सी.जी. वाचून वेळेवर इंजेक्शन देणारा तालुक्याचा डॉक्टरही याच विद्येचा एक शिकलेला हात आहे, त्याला कमी लेखू नका.

आयुष्मान कार्ड योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात परराज्यातही चालते. कोणते रुग्णालय नोंदलेले आहे ते घरात दुखणे नसतानाच विचारून ठेवावे.

स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात, पुढे एक चालू राहते. कापणीच्या धांदलीत त्या चुकवू नका. दात काढायचा म्हणून कोणी बंद करायला सांगितल्या, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. मध्येच सोडल्यास स्टेंटमध्येच गुठळी होते. तंबाखू, बिडी, मिश्री मात्र त्या दिवसापासूनच बंद. रुग्णालयातून मिळालेले स्टेंटचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत आयुष्मान कार्डासोबत ठेवा आणि कोठल्याही डॉक्टरांकडे जाताना ते बरोबर न्या.