मुंबईत बिऱ्हाड कोठे करावे?

मुंबईस नोकरी लागली, की गावी पेढे वाटले जातात. परंतु त्याच रात्री घरातील वडील मंडळी एका विचारात पडतात. राहावयाचे कोठे? मुंबईत उपनगरे कितीतरी आहेत. नवख्या माणसास ती सारी सारखीच वाटतात. पण त्यांतील एकाची निवड केली, की घरातील प्रत्येकाचा दिवस कसा जाईल, हे बरेचसे ठरून जाते.

मुंबई ही लांबट व अरुंद नगरी आहे. मूळची सात बेटे भराव घालून एकमेकांस जोडली गेली आणि त्यांच्या उत्तरेस साष्टी हे मोठे बेट आहे. बंदर व किल्ला दक्षिणेच्या टोकाकडे असल्यामुळे व्यापार आणि कचेऱ्या तेथेच वाढल्या. वस्तीला सरकण्यास उत्तर हीच मोकळी दिशा उरली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी आगगाडी गेली, तेव्हा तिने सुमारे ३४ किलोमीटर अंतर तोडले. पुढे जेथे जेथे गाडी थांबू लागली, तेथे तेथे वस्ती वाढत गेली. १८९६ साली शहरात प्लेगची भयंकर साथ आली. दाटीवाटीच्या वस्तीत तिने फार बळी घेतले. म्हणून १८९८ साली नगरसुधारणेसाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहती आखल्या. आज त्या भागास उपनगर म्हटले, तर तेथील रहिवासी हसतील!

ह्या रचनेमुळे मुंबईकर अंतर किलोमीटरांत मोजीत नाही. तो ते मिनिटांत मोजतो. घर पाहताना त्याचा पहिला प्रश्न असतो, “कोणत्या मार्गावर?” पश्चिम, मध्य व हार्बर हे लोकल गाड्यांचे तीन प्रमुख मार्ग. ते बहुतांशी दक्षिणोत्तर धावतात. त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेस जाणे त्या मानाने सोपे असते, पण पूर्वेकडून पश्चिमेस जाणे कठीण. नकाशावर मुलुंड आणि बोरिवली शेजारी दिसतात. परंतु दोहोंच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर व अरण्य पसरलेले आहे. तेथे पक्ष्यास सरळ जाता येईल, माणसास मात्र मोठा वळसा घालावा लागतो. २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो सुरू झाली, तेव्हा पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांस किती हायसे वाटले असेल!

समजा, कोल्हापूरकडील एक कुटुंब मुंबईस येत आहे. वडिलांना फोर्टमधील एका बँकेत जागा मिळाली आहे. आई परळच्या रुग्णालयात परिचारिका होणार आहे. दोन मुले मराठी शाळेत शिकतात आणि आजींचे गुडघे दुखतात. त्यांच्यापुढे दोन जागा आहेत. एक डोंबिवलीस, दोन खोल्यांची व ऐसपैस. दुसरी मुलुंडला, एकच खोली व स्वयंपाकघर. भाडे मात्र पहिलीहून अधिक.

प्रथमदर्शनी कोणीही डोंबिवलीची जागा पसंत करील. पण जरा हिशेब मांडून पाहू. डोंबिवली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४८ किलोमीटर आहे, मुलुंड सुमारे ३१. डोंबिवलीहून घर ते कचेरी जाण्यास पावणेदोन तास धरले, तर जाऊन येऊन साडेतीन तास होतात. महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत ते साडेसत्त्याऐंशी तास भरतात; म्हणजे साडेतीन अहोरात्रींहून अधिक काळ केवळ गाडीत व वाटेत! शिवाय आईची अडचण निराळी. जलद गाड्या परळला थांबत नाहीत. दादरला उतरून धीमी गाडी धरावी लागते. मुलुंडहून ती एकाच धीम्या गाडीने थेट परळला पोहोचेल. दुपारपाळी रात्री उशिरा सुटते, तेव्हा ही सोय मोलाची ठरते.

गाडीत चढणे हीही एक विद्या आहे. विरारच्या जलद गाडीत शिरून अंधेरीस उतरू पाहणाऱ्या नवख्याला सहप्रवासी कसे सुनावतात, ते एकदा ऐकावे!

पावसाचा विचार तर करावाच लागतो. मुंबईचा बराच भाग भराव घातलेला व सखल आहे. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला, की पाण्यास समुद्रात जाता येत नाही आणि ते रस्त्यांवर साचते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास त्याच वेळी सुमारे ७४ मिलिमीटरच पडला होता. एकाच शहरात एवढा फरक! म्हणून तळमजल्याची जागा घेण्यापूर्वी शेजाऱ्यांस विचारावे, की पाणी कोठपर्यंत चढते. भिंतीवरील ओलीच्या खुणाही पुष्कळ सांगून जातात. नळास पाणी किती वाजता येते, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

जागा पाहण्यास रविवारी दुपारी जाण्यात अर्थ नाही. त्या वेळी सारीच स्थानके शांत भासतात. कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास फलाटावर उभे राहावे, स्थानकापासून घरापर्यंत पायी चालून पाहावे. घर स्थानकापासून लांब असेल, तर रिक्षाचे पैसेही भाड्यातच धरावे लागतात.

आपल्या कुटुंबाने असेच केले. वडील व आई एका सोमवारी सकाळी दोन्ही ठिकाणी जाऊन आले. रात्री आजींनी विचारले, “मुले शाळेतून आल्यावर घरात कोण असेल?” डोंबिवलीस राहिल्यास आजींवाचून कोणी नाही; मुलुंडास आई सकाळपाळीला असेल, तर संध्याकाळी लवकर परतू शकत होती. मुलुंडची इमारत उद्वाहकाची होती, हेही आजींच्या दृष्टीने बरे झाले. खोली एक कमी पडणार होती. तेव्हा जुने मोठे कपाट गावीच ठेवावे, असे ठरले आणि अकरा महिन्यांच्या करारावर वडिलांनी सही केली.