भंगारातला ११ हजार व्होल्टचा डबा

प्रश्न : भंगाराच्या दुकानात तपकिरी चिनी मातीची दोन शिंगं असलेला जड लोखंडी डबा, तशाच मातीच्या काही चकत्या आणि ०-२०० अँपिअरचा जुना मीटर दिसला. घरच्या प्रयोगांना यातलं काय घ्यावं? डबा शेताच्या कुंपणाला चालेल का, असं भाऊ विचारतो.
– एक वाचक, बल्लारपूर

उत्तर : भावाला आधी 'नाही' सांगा. मग हात न लावता, टॉर्च मारून डब्याची पाटी वाचा.

पाटीवर 'केव्हीएआर' असेल तर तो कपॅसिटर. असे डबे खाणी-कारखान्यांत मोठ्या मोटारींच्या जोडीला असतात. तो लाइनवरून कधी उतरवला यावर विसंबू नका. रिकामा केलेला कपॅसिटरसुद्धा नुसता पडून थोडा चार्ज परत धरतो. जुन्या डब्यांतलं तेल पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं. २०१६ च्या केंद्रीय आदेशानं त्याच्या वापराला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच मुदत दिली होती. असा डबा घ्यायचाच नाही.

'११०००/११०' असेल तर पीटी. ११ हजारांच्या लाइनचा दाब शंभर पटींनी कमी करून तो मीटरला देतो. उलट्या बाजूनं ११० दिले की दुसऱ्या टोकाला ११ हजार! ठिणग्या नाचवायची हौस इथंच जिवावर बेतते. सौर कुंपणाच्या झटका मशीनचा दाबही हजारोंत असतो; पण तिचा झटका सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता येतो आणि लगेच थांबतो, म्हणून जनावर दचकून मागे फिरतं. पीटीचा प्रवाह थांबत नाही. रानडुकरांसाठी तारेत सोडलेल्या विजेनं चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ मेलेत, माणसंही मेलीत.

चकत्या मात्र खुशाल घ्या. अशी एक डिस्क ढोबळमानानं ११ केव्हीची धरतात. ३३ केव्हीला तीन, १३२ ला नऊ-दहा. चंद्रपूरहून पडघ्याला जाणारी ५०० केव्हीची डीसी लाइन कुठं दिसली तर तिच्या माळा मोजून बघा, मान दुखेल. घरात डिस्क दाराला टेकण म्हणून झकास. फक्त दुकानदाराकडून लिलावाची पावती मागा. 'एमएसईबी'चा शिक्का असेल तर माल बहुधा २००५ च्या मंडळ-विभाजनाआधीचा, पण जुना म्हणजे चोरीचा नाही असं नव्हे. वीज कायदा २००३ च्या कलम १३७ नुसार असा चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही अडकतो.

खरा घेण्यासारखा आहे तो मीटर. तबकडीच्या कोपऱ्यात बारीक '२००/५' दिसेल. म्हणजे २०० चा आकडा नावापुरता. मीटरमधून प्रत्यक्षात ५ अँपिअरच जातात, बाकीचं लाइनवरचा सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, सांभाळत असे. सुरुवातीचे आकडे दाटीवाटीनं असतील तर तो मूव्हिंग आयर्न जातीचा, डीसीवरही चालतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला ५ अँपिअरचा फ्यूज, मग मीटर आणि स्कूटरचा ३५ वॅटचा बल्ब असे एकामागून एक जोडा. काटा ११५-१२० च्या आसपास थांबला तर मीटर धडधाकट. दुकानदार भाव वाढवायच्या आत उचला.