संकटकाळीं मंडळीचें कर्तव्य

वाचावयाचे शास्त्रभाग : प्रेषितांचीं कृत्यें ११:२७-३०, १ करिंथ १६:१-४, २ करिंथ ८:१-२१.

क्लौद्य कैसराच्या कारकीर्दींत मोठा दुष्काळ पडणार, असें अगब नांवाच्या संदेष्ट्यानें अंत्युखिया येथें सांगितलें. तें ऐकून तेथील शिष्य हळहळत बसले नाहींत. प्रत्येकानें आपापल्या ऐपतीप्रमाणें कांहीं देण्याचें ठरविलें, आणि तें बर्णबा व शौल ह्यांच्या हातीं यहूदीयांतील वडिलांकडे पोहोंचविलें. प्रिय वाचकहो, ह्या लहानशा वृत्तांतांत तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या: देणें सर्वांचें होतें, ऐपतीप्रमाणें होतें, व विश्वासू माणसांच्या हातून होतें.

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील आपल्या मंडळ्यांस हा पाठ दूरचा वाटूं नये. २०१६ सालीं लातूर शहरास पाणी पुरविणारें मांजरा धरण कोरडें पडलें. पाण्यावरून तंटे होऊं नयेत म्हणून पाणवठ्यांवर जमावबंदीचा हुकूम लावावा लागला. त्या वर्षीं १२ एप्रिल रोजीं मिरजेहून १० वाघिणींची आगगाडी सुमारें ५ लक्ष लिटर पाणी घेऊन लातुरास आली. कृष्णेचें पाणी मांजराकांठच्या तहानेल्यांस मिळालें.

त्याच भूमीवर २०२५ सालीं उलट प्रसंग ओढवला. ऑगस्टांत नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यांत अतिवृष्टि होऊन हसनाळ, रावणगांव वगैरे गांवांत पाणी शिरलें. माणसें व जनावरें दगावलीं. सप्टेंबरांत मराठवाड्यांतील पुष्कळ ठिकाणीं सोयाबीन पाण्याखालीं गेलें, व कित्येक शेतांतील काळी माती खरडून वाहून गेली. शास्त्रज्ञ सांगतात कीं, कोळसा व खनिज तेल जाळल्यानें पृथ्वी तापत आहे, आणि हवा १ अंशानें तापली म्हणजे तिच्यांत सुमारें ७ टक्के अधिक बाष्प मावतें. म्हणून पाऊस कोसळतो तेव्हां पूर्वींपेक्षां अधिक जोरानें कोसळतो, आणि उघडीप पडली म्हणजे जमीन लवकर सुकते. बुडालेल्या गांवाकडे बोट दाखवून "हें त्यांच्या पापाचें फळ" असें म्हणणें आपणांस शोभत नाहीं. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, तेव्हां प्रभूनें असाच तर्क करणाऱ्यांस थांबविलें (लूक १३:४).

कोणी म्हणेल, "आम्ही स्वतःच मोलमजुरी करून खातों, आम्हीं काय द्यावें?" ह्याचें उत्तर मासेदोनियाच्या मंडळ्यांनीं दिलें आहे. त्या अति दरिद्री होत्या, तरी देण्यांत आपणांस भाग मिळावा म्हणून त्यांनीं पौलाची मनधरणी केली. आपल्या महाराष्ट्रांतहि उदाहरण आहे. १८७४ सालीं पंडिता रमाबाईंचे आईबाप दुष्काळांत उपासमारीनें वारले. पुढें १८९७ सालीं मध्यप्रांतांत व १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां त्याच रमाबाईंनीं तेथील शेंकडों निराधार मुलींस केडगांवीं आणून आश्रय दिला. ज्याला भुकेची ओळख आहे, त्याचा हात लवकर पुढें होतो.

देणारे आपण एकटेच आहों असें मात्र समजूं नये. नांदेडास सचखंड श्री हुजूर साहिब येथें लंगरांत जेवणाऱ्यास जात वा धर्म कोणी विचारीत नाहीं. शीख लोक दसवंध म्हणून मिळकतीचा दहावा भाग काढतात. मुसलमान बंधु जकात देतात. आणि २०२५ च्या पुरानंतर महाराष्ट्रांतील मोठ्या देवस्थानांनींहि मदतनिधि दिला. अशा शेजाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करणें हा आपला मान आहे.

येथें एक नाजूक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. दुष्काळांत धान्याच्या लोभानें लोक ख्रिस्ती झाले, असा आक्षेप जुन्या काळापासून घेतला जातो. वाद घालून तो मिटणार नाहीं. भाकरी देतांना आपण भाकरीच द्यावी. तिच्या मोबदल्यांत उपासनेस येण्याचें वचन मागूं नये. गळाला लावलेलें आमिष आणि प्रीतीचें दान ह्यांतला भेद भुकेल्यास तत्काळ कळतो. चांगल्या शोमरोन्यानें जखमी वाटसरूला त्याचा धर्म विचारला नव्हता.

आतां प्रत्यक्ष काय करावें? भाकरी थापण्यापूर्वीं प्रत्येक घरीं मूठभर ज्वारी वेगळ्या मडक्यांत टाकावी, व आठवड्याच्या पहिल्या दिवशीं ती मंडळींत आणावी. म्हणजे संकट आल्यावर धांवाधांव होणार नाहीं. उपदेशक बंधूंनीं जमाखर्च दोघांच्या सह्यांनिशीं लिहून सर्वांसमोर वाचावा. पौलानेंहि आपणांवर ठपका येऊं नये म्हणून अशीच काळजी घेतली. वांटप करतांना भूमिहीन मजूर, बटाईदार व विधवा ह्यांस आधीं शोधावें, कारण पीकनुकसानीची सरकारी मदत बहुधा ज्याच्या नांवें सातबारा आहे त्यासच पोहोंचते. आणि पूर ओसरल्यावर विसरूं नये: पहिल्या आठवड्यांत अन्न व स्वच्छ पाणी लागतें, तर पुढच्या पेरणीस बियाणें लागतें.

विचारावयाचे प्रश्न :
१. अंत्युखियाच्या शिष्यांनीं देण्याचें माप कशावरून ठरविलें?
२. आपल्या गांवांत सातबारा नसलेलीं घरें किती, व तीं आपणांस ठाऊक आहेत काय?
३. मंडळीबाहेरच्या कोणत्या शेजाऱ्यांबरोबर आपणांस हें काम करतां येईल?