ऑनलाइन जुगार आणि कायद्यातील ‘जागा’

जुगारास आळा घालणारा आपल्या राज्यातील मूळ कायदा १८८७ सालचा आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम या नावाने झालेल्या या कायद्याची रचना ‘जागा’ या कल्पनेवर उभी आहे. घर, खोली अथवा आवार यांत जुगाराची साधने ठेवून कोणी नफा मिळवीत असेल, तर ते सार्वजनिक जुगारगृह ठरते. पोलिसांनी तेथे छापा घालावा आणि पत्ते, फासे, रोकड जप्त करावी, अशी ही योजना. भ्रमणध्वनीवरील जुगाराला अशी जागा नाही. खेळणारा गावात, खेळ चालविणारा परराज्यात किंवा परदेशात. मग छापा कोठे घालावयाचा?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. बंगलोरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धा चालत आणि मुंबई राज्यातील हजारो वाचक प्रवेशशुल्क भरून त्यांत भाग घेत. १९४८ च्या मुंबई अधिनियमातून परप्रांतीय वृत्तपत्रे प्रारंभी सुटली होती. १९५२ च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद झाली. पत्र आमच्या राज्यात छापलेच जात नाही, असा चालकांचा बचाव होता. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. प्रवेशपत्रिका आणि शुल्क मुंबई राज्यातील केंद्रांवर गोळा होत होते, एवढा संबंध राज्याच्या अधिकारास पुरेसा ठरला. जुगार हा संविधानाने संरक्षिलेला व्यापार नव्हे, हेही त्याच निर्णयात सांगितले गेले. थोडक्यात, छापखाना कोठे आहे यापेक्षा पैसा कोठे गोळा होतो, याला न्यायालयाने महत्त्व दिले.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाचा रोखही पैशावरच आहे. पैसे लावून, पैसे मिळण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. अशा खेळांचे व्यवहार करण्यास बँकांनाही मनाई आहे.

खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद या अधिनियमाने मानलेला नाही. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले होते आणि कंपन्यांनी त्याचाच आधार घेतला होता. परंतु हरलेल्याच्या घरातील कर्ज कौशल्यामुळे हलके होत नाही. हा भेद काढण्यात संसदेने व्यवहार पाहिला, असे म्हणावे लागेल. अर्थात ‘पैज आणि जुगार’ हा सातव्या अनुसूचीनुसार राज्यसूचीतील विषय असल्याने संसदेच्या अधिकारास आव्हान देण्यात आले आणि त्या याचिका २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या.

पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या केंद्रीय अधिनियमात केवळ खेळणाऱ्यास शिक्षा नाही. मुलगा गुन्हेगार ठरेल या भीतीने अनेक कुटुंबे तोंड उघडत नाहीत, कर्ज मात्र वाढत राहते. ही भीती ग्रामसभेत व पालकसभेत दूर करता येईल. बँकेचे खातेउतारे, व्यवहारांचे संदेश आणि पाहिलेली जाहिरात जपून ठेवण्यास कुटुंबास सांगावे. पैसा कोणाकडे गेला, हे त्यांवरूनच उमगते. खात्यातून फसवणुकीने रक्कम गेली असल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे.