रिपोर्टातली झडप

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला जे स्थान, तेच लखनौत अमीनाबादच्या औषधबाजाराला. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ इथून फार लांब नाही. त्यामुळे टूडी एकोचा रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी एकाच पिशवीत घेऊन दुकानं हिंडणारी माणसं इथे रोजचीच. रिपोर्टात हृदयाच्या झडपेच्या आकाराबद्दल एखादी ओळ असते आणि घरी पोचेपर्यंत तिचा 'हार्टमध्ये दोष' झालेला असतो. मला कळकळीनं सांगायचंय ते या ओळीबद्दलच. झडप कशी दिसते हा एक प्रश्न आहे आणि ती काम कसं करते हा दुसरा. पहिल्याचं उत्तर वाचून दुसऱ्याचा निकाल लावला, की निरोगी माणूस रोगी ठरतो किंवा खरा रोगी घरी बसून राहतो.

पुस्तकातल्या चित्रात उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेला तीन पाकळ्या असतात. प्रत्यक्षात? 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एको-अभ्यासात साधारण 54 टक्के लोकांच्या झडपेला तीन पाकळ्या होत्या आणि 39 टक्क्यांच्या झडपेला चार. म्हणजे चौथी पाकळी ही विकृती मानायची, तर दहातली चार माणसं विकृत म्हणावी लागतील. मायट्रल झडपेच्या मागच्या पाकळीला सहसा तीन भाग असतात, पण त्यांची संख्या आणि रुंदी माणसागणिक बदलते. 'ट्रिव्हियल टीआर', म्हणजे ट्रायकस्पिड झडपेची नावापुरती गळती, तर धडधाकट लोकांच्या रिपोर्टातही सर्रास आढळते. यातल्या कशालाच एरवी औषध लागत नाही.

आकारावरून रोग ठरवण्याची घाई किती महागात पडते, हा अनुभव खुद्द वैद्यकशास्त्रानं घेतलेला आहे. मायट्रल झडपेची पाकळी मागे डाव्या कर्णिकेत झुकते, त्याला 'प्रोलॅप्स' म्हणतात. एको नवा होता त्या काळात हे निदान इतकं सढळ हातानं झालं, की काही पाहण्यांत दहातल्या एकाहून जास्त निरोगी माणसं, विशेषतः तरुण मुली, त्यात सापडली. मग 1980च्या दशकात हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की झडपेची कडी सपाट नसते, ती खोगिरासारखी वर-खाली वळलेली असते. त्यामुळे एका विशिष्ट कोनातून पाहिलं, की जागच्या जागी असलेली पाकळीही कडीच्या रेषेपलीकडे गेलेली दिसते. कसोट्या सुधारल्या. 1999 साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या लोकसंख्येत नव्या कसोट्यांनी मोजलं, तेव्हा प्रमाण भरलं 2.4 टक्के. लोकांची हृदयं तीच होती, बदलली ती पाहणाऱ्यांची समज. दरम्यान ज्यांच्या माथी हा शिक्का बसला, त्यांनी खेळ सोडले, छातीत जरा धडधडलं की धसका घेतला. आपल्याकडे तर मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत असा कागद निघाला, की स्थळ परत जातं.

यावर कुणी म्हणेल, सावधगिरी म्हणून एखादी गोळी घेतली तर बिघडलं काय? बिघडतं. धडधडीवर दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी थकवा येतो, दमेकऱ्याचा श्वास अडू शकतो आणि बरेच दिवस घेऊन अचानक बंद केल्या तर त्रास उलटतो. जुनी चिठ्ठी काउंटरवर दाखवून त्या महिनोन् महिने घेत राहणं ही सावधगिरी नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 'वेगळा आकार म्हणजे रोग नव्हे' हे लोकांच्या मनात भरवलं, तर ज्यांनी काळजी घ्यायला हवी तेही गाफील राहतील. ही भीती मला पूर्ण मान्य आहे, कारण बायकस्पिड एऑर्टिक झडप हा वेगळेपणा खरोखरच धोक्याचा आहे. शंभरात एक-दोन माणसांच्या महारोहिणीच्या (एऑर्टाच्या) झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात, पुरुषांत हे प्रमाण जास्त. बहुतेकदा दोन पाकळ्या जन्मतःच जुळलेल्या असतात आणि मध्ये शिवणीसारखी रेघ राहते. झडप मिटलेली असताना ती रेघ तिसऱ्या फटीसारखी भासते. झडप उघडतानाचं चित्र नीट पाहिलं तरच खरा प्रकार कळतो. अशी झडप तारुण्यात बिनतक्रार चालते, पण इतरांपेक्षा लवकर कडक आणि अरुंद होते किंवा गळू लागते, शिवाय तिच्या वरची महारोहिणी फुगू शकते. हे सगळं काही न दुखता होतं. म्हणून इथेही आकाराची ओळ वाचून थांबायचं नाही: झडप किती अरुंद झाली, किती गळते आणि महारोहिणीची रुंदी किती, हे तीन आकडे विचारायचे आणि डॉक्टर सांगतील त्या अंतरानं पुन्हा मोजून घ्यायचे. ही रुंदी साडेपाच सेंटिमीटरला पोचली की शस्त्रक्रियेचा सल्ला देतात, काहींना त्याआधीही.

संधिवाताच्या तापानंतर चिकटलेली मायट्रल झडप ही तर वेगळेपणात मोडतच नाही. तो लहानपणी जडलेला रोग आहे आणि भारतात तो अजून संपलेला नाही. अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. 'आता बरं वाटतंय' म्हणून ते बंद केलं, तर ताप उलटून झडप आणखी खराब होते.

हे सगळं डॉक्टरांनी पाहायचं, रोग्यानं कशाला डोकं घालावं, असंही म्हटलं जातं. निदान डॉक्टरांनीच करायचं, यात वाद नाही. पण गर्दीच्या ओपीडीत रोग्याच्या वाट्याला थोडी मिनिटं येतात आणि मागचा रिपोर्ट सोबत नसेल, तर झडप बदलली की फक्त तपासणारा बदलला, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तेव्हा सगळे जुने एको तारखेनुसार एका फायलीत ठेवा. आणि घरात कुणाची झडप बायकस्पिड निघाली असेल, तर त्याचे आईवडील, भावंडं आणि मुलं यांचा एकदा तरी एको करून घ्या. जवळच्या नात्यात सुमारे दहातल्या एकाला ती असते.